पुढच्या बाई

आमच्या कंपनीत त्यांना सगळे ‘पुढच्या बाई’ म्हणत. खरं नाव ऑफिसात पगाराच्या वेळी घेतलं जात असेल तेवढंच. मी टूरची बस चालवायचो आणि बाई माझ्या बसच्या एक मुक्काम पुढे असायच्या. आम्ही ज्या शहरात उद्या पोचणार, तिथे त्या आजच जाऊन बसलेल्या. चाळीस-बेचाळीस माणसं एका वेळी नीट जेवतील अशी जागा परक्या शहरात शोधायची, सगळं ठरवायचं आणि आम्ही यायच्या आत पुढच्या शहराची गाडी धरायची, हे त्यांचं काम. बरं, ‘दर वर्षी नवा मार्ग’ ही आमच्या मालकांची हौस, त्यामुळे ओळखीचं शहर बाईंच्या वाट्याला क्वचितच यायचं. ज्यांच्या जेवणासाठी त्या एवढी वणवण करायच्या, त्यातल्या एकालाही त्यांनी कधी जेवताना पाहिलं नव्हतं.

हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा चाळीस भुकेली माणसं घेऊन अनोळखी गावात उतरून बघावं. चौघांना कुठेही जेवता येतं. चाळीस म्हटलं, की हॉटेलवाल्याच्या डोळ्यांत आधी चमक येते आणि मागोमाग अंधारी. तरी तो ‘होईल होईल’ म्हणतो. मग अर्ध्या लोकांचं जेवण आटोपतं तेव्हा उरलेल्या अर्ध्यांचं सूप येतं. कुणाच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला अळणी. आणि हात धुवायला सगळ्यांना एकदमच जायचं असतं. यातलं काहीही बिनसलं, की माणसं हॉटेलवाल्याला बोलत नाहीत, ड्रायव्हरला बोलतात. “कुठे आणून सोडलंत हो?” जसा काही स्वयंपाक मीच केला होता.

बाईंच्या हाताखाली गाडी चालवायला लागल्यापासून हे बोलणं मला फारसं ऐकावं लागलं नाही. त्यांची शोधायची तऱ्हाच वेगळी. लॉजच्या काउंटरवर त्या कधी विचारायच्या नाहीत. काउंटरवरचा माणूस हमखास स्वतःच्या मेव्हण्याच्या हॉटेलात पाठवतो म्हणायच्या. त्या गाठायच्या औषधांचं दुकान. “तुमच्याकडे पोटाचं औषध न्यायला येतात ते लोक बहुतेक कुठे जेवून येतात?” दुकानदार हसायचा आणि दोन-तीन नावं सांगायचा. ती नावं वगळून उरलेल्या शहरात बाईंची पायपीट सुरू. एखादी जागा बरी वाटली की आत जाऊन एक ताट मागवायचं. जेवता जेवता बेसिनपाशी ओल किती आहे, वाढपी ताट ठेवतो की आदळतो, स्वयंपाकी स्वतः तिथलंच जेवतो का, हे सगळं बघून घ्यायचं. शेवटी बाहेर येऊन माझी बस वळेल एवढी जागा आहे ना ते बघायचं. माझी आठवण ठेवणारं त्या अख्ख्या कंपनीत तेवढं एकच माणूस होतं.

रोज संध्याकाळी आमचा फोन व्हायचा. रस्ता कसा आहे, वळणं कुठे आहेत, बस कुठे लावायची, हे त्या सांगायच्या. आणि मग एक गंमत सांगायच्या, ती दर शहरात तीच. हॉटेलात शिरलं की वाढपी विचारतो, “एकट्याच?” आणि सगळी टेबलं रिकामी असली तरी बेसिनजवळच्या टेबलावर नेऊन बसवतो. “मग मी जेवते,” बाई म्हणायच्या, “बडीशेप खाते आणि सांगते, आज एकटी, उद्या बेचाळीस. काय धावपळ उडते म्हणून सांगू दादा! मालक स्वतः फडकं घेऊन माझं टेबल पुसायला येतो.” एवढं बोलून त्या खळखळून हसायच्या. मीही हसायचो. पुष्कळ दिवसांनी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की ही गंमत दर शहरात घडते याचा अर्थ दर शहरात बाईंना बेसिनजवळच बसवतात. त्यानंतर मला पूर्वीसारखं हसता येईना.

त्यांचे दोन नियम होते. टेबलं जोडून एकच लांब टेबल करायचं, कारण चार-चार जणांची टेबलं केली की एखादं माणूस हमखास उरतं आणि ताट हातात घेऊन बावचळून उभं राहतं. दुसरा नियम खुर्च्यांचा. एका टूरमध्ये एका काकांना तब्येतीमुळे मधूनच घरी परत पाठवावं लागलं होतं. त्यांच्या सुनेने त्यांना नेलं, काकांच्याच हट्टामुळे काकू टूरबरोबर राहिल्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या शेजारची खुर्ची तशीच रिकामी राहिली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघत होता आणि काकूंना घास गिळवेना. हे मीच बाईंना फोनवर सांगितलं होतं. “रिकामी खुर्ची दिसली की माणसं जेवायचं सोडून कोण नाही ते मोजत बसतात,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून ठरून गेलं. बस पोचायच्या आधी हॉटेलवाल्याने गाईडला फोन करून आकडा पक्का करायचा आणि टेबलाला खुर्च्या अगदी तेवढ्याच ठेवायच्या. जास्तीची खुर्ची उचलून मागे न्यायची.

बाईंना एक धाकटा भाऊ होता. आई-वडील लवकर गेले, तेव्हा भावाला बाईंनीच लहानाचं मोठं केलं. त्याला शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. यात स्वतःचं लग्न राहून गेलं, हे त्या अशा सांगायच्या की जशी छत्री घरी राहून गेली. पुढे भाच्यांना अभ्यासाला खोली हवी झाली आणि बाई बाहेर पडल्या. “कुणी जा म्हणालं नाही हं,” असं त्या आवर्जून सांगायच्या. मी तसं विचारलेलं नसायचं. टूर नसल्या की त्या एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. भावाचा फोन यायचा, “ये ना गं ताई कधीतरी.” आता कधीतरी नावाचा वार काही आठवड्यात नसतो.

त्या वर्षी एका संध्याकाळी बाईंचा आवाज निराळाच लागला. भाऊ रिटायर झाला होता. बायको, मुलं, सासरची सगळी मंडळी, असा अर्ध्या बसभर गोतावळा घेऊन तो आमच्याच टूरला आला होता. बाईंनी ऑफिसात कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं. एका शहरात दुपारच्या जेवणापुरतं थांबू द्या, मग लगेच पुढची गाडी धरते. मालकांनी चक्क हो म्हटलं.

“दादा, उद्या मीही आहे हं जेवायला,” त्या म्हणाल्या. “हॉटेलवाल्याला त्रेचाळीस सांगितलेत.”

“मग बेसिनजवळ नाही ना बसणार?” मी चिडवलं.

“छे हो! बाळ्याच्या शेजारी. एका टेबलावर बसून आम्ही कधी जेवलोच नाही. लहानपणी आधी तो जेवायचा, मग मी. पुढे त्याचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, आधी त्यांना वाढायचं. राहूनच गेलं.”

एवढीशी तर हौस. माझा जीव उगीचच टांगणीला लागला. माझी मुलगी परीक्षेला बसली होती तेव्हाही मी एवढा धास्तावलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी बस हॉटेलच्या दारात लावली. बेचाळीस माणसं उतरली आणि पोटात कावळे ओरडत असल्यासारखी थेट टेबलाकडे गेली. भाऊ मधोमध बसला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेव्हणा. मी माझ्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या ड्रायव्हरच्या टेबलावर. बाई कुठे दिसेनात. त्या आत स्वयंपाकघरात होत्या. भाजी तिखट होतेय असा वास आला म्हणून डोकवायला गेल्या होत्या. स्वभावाला औषध नाही ते नाही.

पाच-दहा मिनिटांनी बाहेर आल्या. कपडे नवेकोरे, इस्त्री केलेले. केस नीट बसवलेले. ओले हात पुसत त्या टेबलापाशी आल्या आणि मी बघितलं, टेबलाला एकही खुर्ची रिकामी नव्हती. काय झालं ते मला तत्काळ कळलं. गाईड त्या वर्षी नवा होता. हॉटेलवाल्याने नियमाप्रमाणे त्याला फोन केला, त्याने बसमधली डोकी मोजून बेचाळीस सांगितले. त्रेचाळिसावी खुर्ची उचलून मागे गेली होती.

“अरे, ताई!” भाऊ अर्धवट उठला. “ही माझी ताई बरं का. जेवणाचं सगळं हीच ठरवते.”

“वा ताई, जागा छान आहे हो!” मेव्हणा म्हणाला.

“बसा ना, बसा ना,” सात-आठ तोंडांनी म्हटलं. हललं कुणीच नाही.

बाईंची नजर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरली. मी उठलो. माझ्या टेबलाच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या, त्यातली एक उचलली. बाईंनी लांबूनच पाहिलं आणि मान हलवली. नको. मी खुर्ची हातात धरून येड्यासारखा उभा राहिलो.

“बस तू, गार होईल,” म्हणत त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. आणि तो बसला. एक घास खाऊन म्हणाला, “भाजी झकास आहे. ताई, जरा इकडे दे ना अजून.”

बाईंनी वाढली. मग भावजयीला वाढली, मग मेव्हण्याला, मग ओळीने सगळ्यांना. वाढपी नुसता भांडं धरून त्यांच्या मागे चालत होता. पलीकडच्या एका पोरीने त्यांना हॉटेलातल्याच समजून टिश्यू मागितले, तेही त्यांनी आणून दिले.

भावाचा मला असा संताप आला की हातातला पाव मी चुरगळून टाकला. मग वाटलं, संताप तरी कुणावर करायचा? त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं. ताईला खुर्ची नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो जेवत असताना ताई बसली आहे, असं त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मी हॉटेलवाल्याची खरडपट्टी काढायला निघालो होतो, त्यांनी थांबवलं. “त्याचं काय चुकलं? नियम माझाच आहे.” ताट आलं, त्यातलं निम्मं त्यांनी तसंच ठेवलं. गाडीची वेळ झाली होती. “दोनदा भात घेतला त्याने,” त्या म्हणाल्या. “बारीक झालाय पण.” निघताना सगळ्यांबरोबर त्यांचा एक फोटो झाला. भाऊ दारापर्यंत आला आणि म्हणाला, “ये ना गं ताई कधीतरी घरी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या शहरात पोचलो. बाई अर्थात तिथून निघून गेल्या होत्या. जागा नेहमीसारखी उत्तम, एकच लांब टेबल, माझ्या बसला ऐसपैस सावली. मंडळी बसली आणि मी बघतच राहिलो. भावाच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती.

गाईड हॉटेलवाल्यावर डाफरला. “बेचाळीस सांगितले होते ना?”

“आपण सांगितलेत साहेब,” तो म्हणाला, “पण काल त्या बाई आल्या होत्या, त्यांनी बजावलंय. मधली एक खुर्ची जास्तीची ठेवा आणि काही झालं तरी काढू नका म्हणाल्या.”

मला वाटलं, आता तरी याला कळेल. मी कोपऱ्यातून नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होतो. टेबलावर कुजबुज सुरू झाली. कोण राहिलं? कोण आलं नाही अजून? बाई म्हणायच्या अगदी तसंच, माणसं जेवायचं सोडून मोजायला लागली. भाऊही बोट नाचवत मोजायला लागला. बायको, मुलं, सून, मेव्हणा, मेव्हण्याची मंडळी. सगळ्यांवरून बोट फिरवून झालं.

“कुणी यायचंय का अजून?” त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “नाही, नाही. आपले सगळे आहेत.”

आणि खांद्यावरची बॅग काढून त्याने त्या खुर्चीवर ठेवली.

संध्याकाळी फोन आला. बाईंनी जेवण कसं होतं ते विचारलं, बस कुठे लावली ते विचारलं. वाढप्याची आणि बेसिनची गंमत त्या दिवशी सांगितली नाही. मग म्हणाल्या, “दादा, त्या खुर्चीबद्दल कुणी काही विचारलं का हो?”

“विचारलं की,” मी म्हणालो. “तुमच्या भावानेच विचारलं.”

 

“बरं,” त्या म्हणाल्या. “उद्या घाटानंतर रस्ता खोदलाय. सावकाश आणा सगळ्यांना.”