सगुणाबाईनं सांगितलेली तारीख

सकाळी चूल पेटवायच्या आधी सगुणाबाई फळीवरचा फुटबॉल खाली घ्यायची आणि त्यावर अंगठा दाबून बघायची. भाकरीचं पीठ जमलंय का ते बघावं, तसा. अंगठा आत रुतला की चेंडू पिशवीत पडायचा आणि सातच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात जायचा. वेल्ह्याच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरून तो दुपारच्या गाडीनं पासलीला परत यायचा.

"मावशी, ह्याचं हाफ तिकीट काढा की," कंडक्टर म्हणायचा.

"मांडीवर घेऊन बसा. मांडीवरच्याला तिकीट लागत न्हाई."

चेंडू रत्नाचा. रत्ना सगुणाबाईच्या भावाची, गोरखची मुलगी. आई तापानं गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. गोरख पुण्यात टेम्पो चालवायचा, महिन्या-दोन महिन्यांनी तोंड दाखवायचा. सगुणाबाई त्याआधीच नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. पोर तिच्या पदरात पडली. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते ती देवाचं केल्यासारखं करायची. तांदूळ मापानं, डाळ मापानं, आणि पटावर जितकी नावं तितक्याच थाळ्या. पातेल्याच्या बुडाची खरवडसुद्धा मुलांतच वाटायची, घरी न्यायची नाही.

रत्ना डावखुरी. जेवताना डावा हात पुढं आला की आत्याचा फटका बसायचा. होता होता हात उजवा झाला. पायाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आठवीला ती भोरला वसतिगृहात राहायला गेली. तिथल्या खेळाच्या शिक्षिका पद्मजा मॅडमना संघासाठी अकरा मुली भरत नव्हत्या, म्हणून त्यांनी हिला कडेला उभी केली. पहिल्याच दिवशी रत्नानं डाव्या पायानं चेंडू मारला आणि मॅडमनी तोंडातली शिट्टी काढून विचारलं, "पुन्हा मारशील?"

टाळेबंदीत वसतिगृह बंद झालं तेव्हा ती चेंडू घेऊन घरी आली. भात झोडून मोकळ्या झालेल्या खळ्यावर ती एकटीच खेळायची, आणि शाळा बंद असल्यामुळं रिकामी झालेली आत्या खळ्याच्या कडेला बसून चेंडू आणून द्यायची. अंगठ्याची सवय तेव्हापासूनची.

दोन हजार बावीसच्या सुरुवातीला मॅडमचा फोन आला. सतरा वर्षांखालच्या मुलींची जागतिक स्पर्धा त्या वर्षी आपल्याच देशात व्हायची होती. देशाच्या संघासाठी शिबिर भरणार होतं आणि निवड चाचणीसाठी रत्नाला बोलावणं होतं. मॅडमचा आवाज आनंदाचा वाटत नव्हता. "जन्म एक जानेवारी दोन हजार पाचनंतरचा हवा, रत्ना. तुझ्या दाखल्यावर एक जून दोन हजार चार आहे. सात महिने मोठी ठरतेस गं तू."

सगुणाबाई सुपात तांदूळ निवडत होती. रत्नानं सांगितलं तसा तिचा हात थांबला. "तू पौषातली हाईस," ती म्हणाली. "पाच सालच्या. झोडणी उरकली आन् तू झालीस." एवढं बोलून ती उठली आणि ट्रंकेतलं धुवट लुगडं काढून उद्यासाठी दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोघी वेल्ह्याला गेल्या. कचेरीतल्या दीनानाथ नावाच्या कारकुनानं दाखला उलटून पालटून पाहिला.

"ही तारीख कुणी सांगितली?"

"म्याच," सगुणाबाई म्हणाली. "म्या खोटं बोलले."

रत्नानं हे पहिल्यांदा ऐकलं.

"ही तवा चार वर्सांची. पावसात घरी एकली कशी ठेवू? अंगणवाडी वढ्याच्या पल्याड. म्हून संगं न्यायची शाळंत. पोरं जेवाया बसली की ही बी थाळी घिऊन रांगंत बसायची. पर पटावर नाव न्हाई, तिला वाढू कशी? दुसऱ्या पोरांच्या वाटणीचं हाय ते. दोन दिस ही नुसती बघत बसली, सायेब. तिसऱ्या दिशी म्या धनाजी गुरुजींना म्हनलं, पोरीला पाच पुरी झाली, घाला नाव. गुरुजी म्हनले, तारीख? म्हनलं, ठावं न्हाई. मग त्यांनी समद्यांची घालत्यात तीच घातली."

कारकून थोडा हसला. "माझीही एक जूनच आहे, मावशी. जन्माची नोंद कुठं आहे?"

"बाप टेम्पोवर. कोन करणार नोंद?"

"दवाखाना?"

"घरीच झाली. ठकुबाई सुईणीनं सोडवली. ती बी गेली आता."

"मग पुरावा काय?"

"म्या हाय की."

कारकुनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. "तेव्हा खोटं बोलले म्हणता. मग आता खरं बोलताय, हे मी कशावरून धरू? वय कमी करून मागणारे या महिन्यातले तुम्ही पाचवे." दाखला परत देताना मात्र त्याला राहवलं नाही. "मावशी, नाव नसताना दोन घास वाढले असतेत, तर कोण विचारायला येणार होतं तुम्हाला?"

सगुणाबाईनं दाखल्याची घडी करून पिशवीत ठेवली. हा प्रश्न तिला तेरा वर्षांत कधी पडला नव्हता.

पायऱ्या उतरल्यावर तिनं रत्नाच्या मोबाईलवरून मॅडमना फोन लावायला लावला. हाडाचा फोटो काढून वय कळतं म्हणतात, तो काढा, ती म्हणाली. मॅडमनी समजावलं की ती तपासणी पुढची. आधी कागद बरोबर लागतो. "कागद चुकलाय, हाड न्हाई चुकल्यालं," सगुणाबाई मोठ्यानं म्हणाली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा रत्नानं तिच्या हातातून मोबाईल घेतला.

एसटीत दोघी शेजारी बसल्या. मार्गासनीपासून चढलेल्या बायकांनी गाडी भरलेली होती, आणि त्यांचाच गलका चालला होता. आत्यानं जे केलं ते आपल्यासाठी, हे रत्नाला कळत होतं. म्हणूनच तिला रागावता येत नव्हतं. आणि रागावलीच नाही, तर राग गेला असं तरी कसं म्हणणार? ती भोरला परत गेली. फोन रोजचा आठवड्यावर आला, मग पंधरवड्यावर. मैदानावर ती जाईनाशी झाली.

ऑक्टोबरात भात कापणीला आला आणि तीच स्पर्धा सुरू झाली. रत्ना घरी आली होती. देवळाच्या पारावर रेंज मिळायची. तिथं बसून ती मोबाईलवर सामना बघायला लागली. सगुणाबाई हातातला विळा बाजूला ठेवून जवळ टेकली.

"ही कवाची?" गोऱ्या, उंच मुलीवर बोट ठेवून तिनं विचारलं.

"पाचची असेल."

"आन् ही आपली? केस बांधल्याली?"

"ती पण."

"ती पल्याडची, वाळकुडी?"

रत्नानं मोबाईल बंद केला. सगुणाबाईनं विळा उचलला आणि शेताकडं निघाली. चार पावलांवर थांबून, मागं न वळता म्हणाली, "खेळत्यात चांगलं. पर समद्या उजव्या पायाच्या."

पुढच्या वर्षी पद्मजा मॅडमनी भोरजवळच्या उत्रोलीच्या मैदानावर लहान मुलींना शिकवायला माणूस पाहिजे म्हणून रत्नाला गाठलं. ती नाही म्हणाली, मग गेली. एकदा सगुणाबाई न सांगता तिथं येऊन ठेपली. बांधावर, उन्हात, दोन तास बसून होती. मुलींनी विचारलं, ह्या कोण? रत्ना म्हणाली, "माझी आत्या." एवढंच. त्या दिवशी आत्याला एसटीत बसवून देताना तिच्या मनात वाक्य तयार झालं होतं: आत्या, माझा राग नाही. पण आत्या खिडकीतून कंडक्टरशी हुज्जत घालत होती, आणि रत्नाला वाटलं, घरी जाऊ तेव्हा निवांत सांगू.

घरी ती जानेवारीत गेली, पौषात. मुक्काम एका रात्रीचा. जेवताना सांगू म्हणाली, तर गोरख आला होता. सकाळी सांगू म्हणाली, तर आत्याला शाळेत जायची घाई. त्यानंतर नऊ दिवसांनी शाळेच्या पायरीवर पालेभाजी निवडता निवडता सगुणाबाई एका कुशीवर कलंडली. मुलांना वाटलं, डोळा लागला. जेवायची सुट्टी झाल्यावर त्यांनी गुरुजींना बोलावलं.

त्या शेवटच्या सकाळी, घाईतही, आत्या रत्नाला थांब्यापर्यंत सोडायला आली होती. धुकं होतं. गाडीचे दिवे वळणावर दिसले तशी रत्ना म्हणाली, "आत्या, एक सांगायचं होतं."

"गाडी आली बघ. बस आधी, जागा धर."

रत्ना चढली. खिडकी घट्ट बसली होती. ती दोन्ही हातांनी सरकवेपर्यंत गाडी हलली. सगुणाबाई गाडीबरोबर चार पावलं चालली, पदर सावरत, आणि ओरडून म्हणाली,

"आन् त्या पोरींना मधी मधी पानी पाजत जा गं. लई पळिवतीस."