पहिल्यांदाच खाणारे आबा

"ह्ये काय म्हनायचं, सायब?"

हे वाक्य आबा कसं म्हणत, ते कागदावर उतरवणं अवघड आहे. आधी ते हातातली वस्तू नाकाशी नेत. मग चावेल की काय अशा भीतीने ती लांब धरत. मग दातांनी एक कण तोडत, तोंड मिटत आणि थांबत. भुवया हळूहळू वर चढत, कपाळावरच्या सगळ्या आठ्या मुंडाशात जाऊन लपत. आणि मग ते अशा काही भोळेपणाने विचारत, की या माणसाने नानखटाई आज जन्मात पहिल्यांदा खाल्ली, असं घटकाभर मलाही वाटे. वास्तविक त्याच सकाळी आमच्या लॉजच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी चहात बुडवून दोन नानखटाया संपवलेल्या असत.

लोणावळ्याहून कुसगावला जाताना लागणाऱ्या एका लॉजवर मी तेव्हा कारकून होतो. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्यांच्या भातखाचरात राबले, शाळेतल्या गुरुजींनी जुनी पुस्तकं दिली आणि लॉजच्या मालकांनी बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात नोकरी दिली. या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. मला इंग्रजी बोलता येतं म्हणून गल्ल्यावर बसवलं होतं आणि मुंबईचे पाहुणे काय मागतात ते ऐकून घेणं हे माझं काम होतं.

त्या काळात पाहुण्यांमध्ये एक नवी जात निघाली होती. ते जाहिरातवाले. पुड्यातलं, डब्यातलं, बाटलीतलं तयार खाणं विकणाऱ्या कंपन्यांसाठी हे लोक फोटो काढत. त्यांना हवा असे एक माणूस, ज्याला शहराचा वारा लागलेला नाही. अशा माणसाच्या जिभेला जे आवडेल ते खरं चांगलं, कारण ती जीभ कोरी, असं त्यांचं म्हणणं. विचार वाईट नव्हता. फक्त हा शहराचा वारा न लागलेला माणूस गरम पाण्याची सोय असलेल्या लॉजपासून चालत जाण्याइतका जवळ राहायला हवा होता.

असे आमच्याकडे आबा होते.

आबा वरच्या ठाकरवाडीतले. लॉजवर जळण, मध, उन्हाळ्यात करवंदं घेऊन येत. बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांची एकुलती लेक हौसा. लढाईच्या काळात त्यांनी लष्कराच्या तळावर ओझी वाहिली होती, तिथे गोऱ्या शिपायांनी त्यांना डब्यातलं चीज खायला घातलं होतं. पुढे कार्ल्याची लेणी आणि राजमाचीचा किल्ला बघायला येणाऱ्यांच्या शिदोऱ्या डोक्यावरून नेल्या. उरलेलं खाणं परत आणायचं नसतं, हा सहलीचा नियम असल्यामुळे जाम लावलेला पाव, केक, सुकवलेले अंजीर असं पुष्कळ त्यांच्या पोटात गेलं होतं. लोणावळ्यातल्या कोणत्या बेकरीची भट्टी आज जास्त तापली, हे ते खारी मोडून सांगत.

मी एकदा त्यांना विचारलं, "आबा, तुम्ही खाल्लंय असं त्यांना सांगून का टाकत नाही?"

"आरं भाऊ, येवढ्या लांबनं येत्यात बिचारी. कशापायी? तर आमी काय खाल्लं न्हाई ते बघाया. खाल्लंय म्हनलं की त्यांचं त्वांड येवढंसं हुतं. पाव्हन्याचं मन कसं मोडावं?"

चवीच्या बाबतीत मात्र ते पाहुण्यांची भीड ठेवत नसत. एका कंपनीने पाण्यात कालवायची सुपाची पूड आणली होती. आबांनी वाटी तोंडाला लावली, ठरलेला प्रश्न विचारला, आणि मग स्वच्छ सांगितलं, "मिठाचं पानी हाये. गुरं पितील." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर साहेबांनी वहीत लिहूनही टाकलं होतं, 'आश्चर्याने थक्क झाला.'

तर अशा ओळखीतून एक बिस्किटवाली कंपनी आली. चूल पेटायच्या आत न्याहारी, अशी त्यांची कल्पना होती. बरोबर छायाचित्रकार, दोन मदतनीस आणि काळा चष्मा लावलेले एक साहेब. त्यांनी आबांना पाहिलं आणि ते जरा हिरमुसले. आबांच्या अंगात टेरिलीनचा सदरा होता. तो आधीच्या कंपनीने दिला होता. सदरा उतरवला, धोतर सोडायला लावून लंगोटी नेसवली, आणि शेजारी धनुष्यबाण हवा असं ठरलं. वाडीत कुणाकडे धनुष्य नव्हतं. शेवटी लोणावळ्यातल्या गणेशोत्सवाच्या मेळ्याकडून सोनेरी कागद लावलेलं एक धनुष्य आणलं आणि त्याचा कागद खरवडून काढला.

"ह्ये कुनाचं?" आबांनी विचारलं.

"तुमचंच समजा," साहेब म्हणाले.

"बरं," म्हणून आबांनी ते शेजारी उलटं टेकवलं.

अवघड भाग पुढेच होता. आबांच्या डावीकडे पितळीत नाचणीची भाकरी, उजवीकडे बशीत बिस्किटं. आबांनी डाव्या हाताने भाकरी लोटून द्यायची आणि उजव्या हाताने बिस्कीट उचलायचं. भाकरी हौसाने सकाळी थापून फडक्यात बांधून दिली होती.

साहेबांनी खूण केली. आबांनी पितळी पुढे ओढली आणि भाकरी खायला लागले.

"खायची नाही, लोटायची," मी सांगितलं.

"व्हय, पर आधी संपाया नगं का? पुढ्यात वाढलेली भाकर लोटून कसं उठायचं?"

दुसरी भाकरी ठेवली, तीही गेली. साहेब आधी हसले, मग घामेजले, मग इंग्रजीत बोलले. आबा मात्र शांतपणे जेवत होते. हौसाचं फडकं रिकामं झालं तेव्हा त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन ढेकर दिला आणि म्हणाले, "आता आणा तुमचं बिस्कूट. पर येकच. ज्यागा न्हाई." त्या एका बिस्किटावर त्यांनी आपली सगळी कला लावली. भुवया चढल्या, आठ्या पळाल्या, गाल फुगला. बटण दाबलं गेलं. साहेबांनी छायाचित्रकाराला मिठी मारली.

पुढच्या वर्षी त्याचं कॅलेंडर निघालं आणि लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत किराणा दुकानांतून लटकलं. आबा लोणावळ्याच्या बाजारात आले की दुकानदार त्यांना आत बोलवून दाखवत. आबा कौतुकाने बघत. खाली काय छापलंय, ते त्यांनी विचारलं नाही. चित्र दिसत असताना अक्षरं कशाला, असं त्यांना वाटलं असावं.

त्याच सुमारास हौसाची सोयरीक जुळत आली होती. मुलगा त्यांच्याच जातीतला. त्याचा बाप रान सोडून देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमालीला लागलेला, आणि मुलगाही आता तिथेच. घर पक्कं, नोकरी पक्की, आणि हौसाला मुलगा पसंत होता, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. आबांना याहून जास्त देवाकडे काही मागायचं नव्हतं. आणि अशात एके दिवशी निरोप आला, की पाव्हनं येणार आहेत, जरा घुश्श्यातच आहेत. बोलाचालीला शिकलेला माणूस हवा म्हणून आबा मला घेऊन गेले.

मुलाचा बाप खाकी सदरा घालून ताठ बसला होता. शेजारी मुलगा खाली मान घालून. हौसा चुलीपाशी गुळाचा चहा करत होती. बापाने काखेतली गुंडाळी काढली आणि कॅलेंडर जमिनीवर पसरलं.

"ह्ये तुमीच न्हवं?"

"व्हय," आबा म्हणाले. "जरा काळा आलोय."

"म्यानेजर, वाचा खाली काय छापलंय."

मी वाचलं. 'रानात राहणारा हा माणूस. याने जन्मात बिस्कीट पाहिले नव्हते. भाकरी दूर सारून पहा त्याने काय निवडले!'

आबांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. 

"डेपोतली मानसं मला दावत्यात," मुलाचा बाप म्हणाला. "म्हनत्यात, तुजा व्याही झाडावर ऱ्हातो का? मी रान सोडलं, कापडं बदलली, पोराला शाळंत घातलं, ते ह्येच ऐकाया व्हय? आता दोनातलं येक सांगा. बिस्कूट खाल्लं न्हवतं, तर जंगल्याची लेक आमाला नगं. खाल्लं व्हतं, तर लबाडाची नगं."

बी.ए.ला तर्कशास्त्रात आम्हाला उभयापत्ती नावाचा धडा होता. इकडून जा, नाहीतर तिकडून जा, अडकणार हे नक्की. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. तिथे मी कॅलेंडरचा वळलेला कोपरा सरळ करत बसलो.

आबा म्हणाले, "खाल्लंय का म्हनून त्यांनी कदी इचारलंच न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. मी आपलं इचारलं, ह्ये काय म्हनायचं. इचारनं लबाडी आसती व्हय?"

"आनि त्वांड? आसलं त्वांड का केलं?"

"त्वांड माजं हाये."

मुलगा हसला आणि बापाने बघताच गप्प झाला. "ऱ्हायलं," बाप म्हणाला. "पर भाकर का लोटली? आपली भाकर लोटून त्यांचं बिस्कूट खाल्लं, ते समद्या मुलखानं बघितलं."

आत्तापर्यंत आबा बसून होते. आता ते उठले. कॅलेंडर उचलून दाराच्या उजेडात नेलं आणि कोपऱ्यातल्या पितळीवर बोट ठेवलं.

"हितं काय दिसतंय?"

"काय न्हाई. रिकामी हाये."

"मंग भाकर कुटं गेली? लोटली आसती तर भुईवर दिसली आसती. पोटात गेली, पाव्हनं. जेवढ्या थापल्या तेवढ्या समद्या गेल्या. म्हनूनशान हितं पितळी रिकामी हाये."

पाहुणा वाकून बघत राहिला. इतक्या दुकानांत, इतक्या लोकांनी ते चित्र पाहिलं होतं. ती पितळी रिकामी का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर तिथे हजर होतो.

तेवढ्यात चुलीकडून हौसा बोलली. "मामा, डेपोत तुमी पेट्या उचलता. आत काय आसतं?"

"दारूगोळा."

"मंग तुमी लडाई करता?"

"लडाई कशाची? मी निसता उचलतो. काम हाये ते."

"माज्या बापानं बिस्कूट उचललं. त्योबी कामावरच गेलता."

 मुलाच्या बापाने हौसाकडे बघितलं, मग आबांकडे.

"पोरगी लय बोलती."

"व्हय," आबा म्हणाले. "तिला कुनी काय इचारत न्हाई, तरीबी बोलती."

पाहुण्याने पुढ्यातला चहा उचलून तोंडाला लावला. आमच्याकडे होकाराला तेवढं पुरतं. अट एकच घातली, की यापुढे फोटो नाही.

आबांनी ती पाळली. पुढची कंपनी चॉकलेट घेऊन आली तेव्हा आबा त्यांना नम्रपणे म्हणाले, "म्या खाल्लंय, सायब. लय दिस झालं." साहेब दुखावले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस आता बिघडला." मग त्यांनी मुंबईहून एक नट आणला आणि आमच्या अंगणात त्याला काळा रंग फासला. आबा जळणाची मोळी टेकवून लांबून बघत उभे राहिले. मी विचारलं, कसं काय करतोय?

"त्वांड बरं करतोय. पर त्याला भूक न्हाई."

हौसाचं लग्न झालं, ती देहूरोडला गेली. आबा येत राहिले, जळण टाकून चहा पिऊन जात राहिले. मग त्यांचं येणं कमी झालं, आणि एका हिवाळ्यात ते वाडीवरच वारले. मला दोन दिवसांनी कळलं.

दिवसकार्य झाल्यावर हौसा लॉजवर आली. बरोबर नवरा होता आणि हातात ती गुंडाळी. तिला बापाचा फोटो भिंतीला लावायचा होता. इतक्या कंपन्यांनी इतके फोटो काढले, पण त्यातला एकही वाडीपर्यंत पोचला नव्हता. होता तो हा एवढाच.

मी त्यांना बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने आधी खालची अक्षरं कापली. मग बिस्किटांची बशी कापली, कंपनीचं नाव कापलं, मेळ्यातलं धनुष्य कापलं. रिकामी पितळी हौसाने ठेवायला सांगितली. उरले आबा, चढलेल्या भुवया, फुगलेला गाल आणि ओठांशी आलेला हात. त्या हातात बिस्किटाचा अर्धा तुकडा होता.

"हाही काढतो," फ्रेमवाला म्हणाला आणि त्याने कात्रीचं टोक तिथे टेकवलं.

हौसाने त्याचा हात धरला. बराच वेळ ती वाकून बघत होती.

"नगं, दादा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. ते काढाया गेलं तर आबाची बोटं तुटतील."