मामीच्या मानधनावरचं घर

मुरबाड तालुक्यात माझ्या मामाइतका सुखवस्तू माणूस दुसरा नाही आणि माझ्या मामाइतका कडकीत दिवस काढणारा माणूसही दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण या दोन्ही माणसांच्या पंक्तीला मी एकाच वेळी बसलो आहे. मामा सरकारी खात्यातून मोठा इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला. पेन्शन भरभक्कम. त्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, हाडांचा डॉक्टर. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर त्याचं स्वतःचं हॉस्पिटल. वहिनी दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना त्याच इमारतीत खाली. पैसा या घरात तीन दारांनी येतो. आणि तरीही महिन्याची वीस तारीख उलटली की या घरात पापड तळायचा की भाजायचा यावर गंभीर चर्चा होते, आणि पापड भाजला जातो.

याला कारण मामाचा नियम. घरात जो सगळ्यांत कमी कमावतो, त्याच्या कमाईवर घर चालवायचं. बाकीच्यांची कमाई आलीच नाही असं समजून बँकेत टाकायची. औषधपाणी, शिक्षण आणि धंद्याचा खर्च तेवढा नियमाबाहेर. आता या घरात सगळ्यांत कमी कमावते माझी मामी. जवळच्याच एका पाड्यावर ती अंगणवाडी चालवते. दादा रांगत होता तेव्हापासून चालवते. "इंजिनिअरच्या बायकोला कशाला गो हे उद्योग?" असं बायका विचारून थकल्या. "पोरं वाट बघतात," एवढंच ती म्हणते आणि चप्पल घालून निघते. तिच्या तुटपुंज्या मानधनावर एक इंजिनिअर, एक सर्जन आणि एक दंतवैद्य इतकी वर्षं जेवत आले आहेत. तांदूळ घरचा आणि वाल परसातले, म्हणून जगले.

मामाचं म्हणणं असं की, गरिबाच्या घराला भोक असतं ते दिसतं, पैसेवाल्याच्या घराला असतं ते दिसत नाही, त्यावर गालिचा असतो. "कमी पगारवाल्याला पैसे पुरत नाय, ते दुःख. जास्त पगारवाल्याला पैसे उरत नाय, तो गुन्हा," हे त्याचं वाक्य तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांत मी ऐकलेलं आहे. एकदा एक शिक्षक जोडपं नवी गाडी दाखवायला पेढे घेऊन आलं. दोघांना पगार, आणि दोघांच्या पगारातून हप्ते. मामाने पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि सहज विचारलं, "तुमच्यात कमी पगार कुणाचा?" सर म्हणाले, "हिचा." बाई म्हणाल्या, "यांचा." त्यानंतर ओटीवर जे काही झालं त्यात सरांनी आईला किती पाठवलं आणि बाईंनी भावाला किती दिलं हे आमच्या अख्ख्या आळीला कळलं. मामा शांतपणे दुसरा पेढा खात होता. गाडी निघून गेल्यावर म्हणाला, "बघ. एकाच घरात ऱ्हातात आन एकमेकांचा पगार ठाऊक नाय. ही कसली बचत करणार?"

नियमातली खरी मेख अशी की, अंगणवाडीचं मानधन वेळेवर कधीच येत नाही. शहाण्या माणसाने अशा वेळी पेन्शनला हात लावला असता. मामा लावत नाही. "ज्या बायांच्या घरात दुसरा पगार नाय त्या काय करत असतील?" असं विचारतो. एका वर्षी दोन महिने मानधन अडकलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरच्या घरी तूरडाळ नव्हती. नाचणीची भाकरी, सुकट आणि कुळथाची पिठी यांवर घर उभं होतं. शेवटी दादाने एका ऑपरेशनमधून बाहेर येऊन, डोक्यावरची हिरवी टोपीही न काढता, तालुक्याच्या कार्यालयात फोन लावला आणि अतिशय आर्जवी आवाजात विचारलं, "साहेब, अंगणवाडी सेविकांचं मानधन कधी जमा होईल हो?" साहेबांना वाटलं, डॉक्टर समाजकार्यात पडले.

गाडीचंही तसंच. दादाकडे चांगली मोठी गाडी आहे, पण ती "डॉक्टरची हाय, घराची नाय." म्हणजे पेशंटसाठी ती मध्यरात्री माळशेजच्या पायथ्यापर्यंत जाईल, पण टोकावड्याला चुलत बहिणीचं लग्न असेल तर घर एसटीने जाईल. मी स्वतः पाहिलं आहे: वहिनी पैठणी नेसून, मांडीवर आहेराची परात घेऊन तीन माणसांच्या सीटवर चौथी बसली होती. शेजारच्या म्हातारीने तिला निरखून विचारलं, "तुमी त्या दातांच्या डाक्टरीण ना?" वहिनी म्हणाली, "नाही हो, माझी बहीण ती." आणि म्हातारी लगेच म्हणाली, "मंग तिला सांगा, कवळी बोचते."

मी शहापूरचा. आमच्या घरात खेळण्यांआधी चळवळीची पत्रकं आली. वडील मजकूर लिहायचे, आई घड्या घालायची, आणि मी वाचायला शिकलो तो "बंधूंनो आणि भगिनींनो" या शब्दांवर. त्यामुळे साठवलेल्या पैशाविषयी माझी मतं जन्मजात तयार होती. कॉलेजात असताना मी मामाला तोंडावर सुनावलं होतं, "मामा, तू साधेपणाने राहतोस ते ठीक, पण हा साठा कशासाठी? साठा म्हणजे कुणाच्या तरी तोंडचा घास." मामा चिडला नाही. मला घेऊन दादाच्या हॉस्पिटलात गेला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. टोकावड्याकडचा एक शेतकरी आत गेला आणि अर्ध्या तासाने हाताला प्लास्टर घालून बाहेर आला. सोबतचा माणूस म्हणत होता, "कल्याणला तर बोलले, ऑपरेशनच करायला लागेल." मामा माझ्या कानाशी म्हणाला, "या भिंतीवर एक रुपयाचं कर्ज नाय. हप्ता भरायला कुणाचं हाड कापायची पाळी माझ्या पोरावर येऊ नये, म्हणून साठवला. आता लिव तुझं पत्रक." मी ते पत्रक लिहिलं नाही.

पुढे मी एका संघटनेत पूर्णवेळ काम करू लागलो. टोकावड्याच्या बाजूच्या पाड्यांवर रेशन आणि वनहक्काच्या दाव्यांचं काम होतं, म्हणून मामाकडे राहायला आलो. पहिल्या रात्री सगळे जेवायला बसलो होतो. मामाने विचारलं, "तुला मानधन किती मिळतं रे?" मी आकडा सांगितला. अभिमानाने सांगितला, कारण तो फार लहान होता आणि लहान असणं हाच त्याचा अभिमान होता. दादाचा घास हातात राहिला. वहिनीने डोळे मिटले. मामाने मामीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "म्हंजे हिच्यापेक्षा कमी. बरं. एक तारखेपासून घर तुझ्यावर."

मला वाटलं, थट्टा आहे. एक तारखेला दूध अर्धं झालं, तेव्हा कळलं. डाळीच्या वाटीचा तळ दिसू लागला. पेपर बंद झाला, संध्याकाळचा चहा बंद झाला, बोंबील फक्त रविवारी, तोही माणशी एक. टाकळ्याची भाजी लागोपाठ चार दिवस खाल्ल्यावर दादाने माझं साध्या राहणीवरचं जुनं पत्रक कुठूनसं काढून वाचलं आणि म्हणाला, "छान लिहिलंयस. वाचून भूक लागते." वहिनीने मला जिन्यात गाठलं. "भावजी, तुमच्या संघटनेत प्रमोशन नसतं का हो?" मी म्हटलं, सगळ्या कार्यकर्त्यांना सारखंच मानधन असतं, आमचं तत्त्व आहे. "अगंबाई," ती म्हणाली, "म्हणजे दोन तत्त्वांच्या मध्ये सापडलो की आम्ही!"

आम्ही तिघं कुरकुरत होतो, हसतही होतो. हसत नव्हती ती एकटी मामी. तिचं जेवण कमी झालं होतं, आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या महिन्यात तिचं मानधन कधी नव्हे ते वेळेवर आलं. ती ते घेऊन नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मामा बाहेरून म्हणाला, "ते बँकेत टाक आता." दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी मला विचारू लागली, "आज काय करू रे?" मी म्हणायचो, "तुला हवं ते कर." तर म्हणायची, "तसं कसं? पैशे तुझे." ज्या बाईने आयुष्यात कुणाला विचारून फोडणी दिली नाही, ती लसूण किती घालू हेही विचारू लागली. पंगतीला आग्रह करायची, तोही बंद झाला. दुसऱ्याच्या घरी आग्रह कोण करतं?

एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो. बराच वेळ ती खडे बाजूला टाकत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "राग नको मानूस पोरा. तुझ्या पैशाचा घास मला उतरत नाय."

"मामी, मला त्यात काही वाटत नाही."

"तुला नाय वाटणार. तू आज आलास." तिने सूप हलवलं. "यांचा पगार केवढा होता, तुला ठाऊक हाय? लग्नात लोक बोलले, चौथी शिकलेली बाय, हिला साहेब मिळाला, आता बसून खाईल. मी एक दिस बसून खाल्लं नाय. साहेबाला मी जेवायला घातलाय. पोराला घातलाय, सुनेला घातलाय. आता हाताला काय ऱ्हायलं? खडे."

मी तसाच उठलो आणि ओटीवर मामाला गाठलं. जे बोललो ते सभेत शोभलं असतं. तुझा नियम ज्या बाईच्या जिवावर उभा आहे तिलाच तू बाहेर काढलंस, आकडे बघितलेस आणि माणूस बघितलं नाहीस, वगैरे. मामा ऐकत राहिला. त्याला मी इतका हरलेला कधी पाहिला नव्हता. "कळतंय मला," तो म्हणाला. "पहिल्याच रातीला कळलं. पण आज तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या गाडीसाठी मोडंल, परवा सोफ्यासाठी. मग हिच्याच मानधनावर घर कशाला चालवायचं, असं कोणीतरी विचारील. मग काय सांगू?"

त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर मी त्याला ढोंगी म्हटलं असतं. पण तत्त्वाची माणसं अशीच अडकतात, हे मी आमच्या घरात लहानपणापासून पाहत आलो आहे. आठवडाभरात मी डोळखांबला बदली मागून घेतली. तिकडे काम जास्त आहे, रोज जाणं-येणं परवडत नाही, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. वहिनीने तोंडदेखलं "राहा ना भावजी" म्हटलं आणि संध्याकाळी चहा ठेवला. निघताना मामीने दहा किलो तांदूळ, सुकटीची पिशवी, लोणच्याची बरणी बांधून दिली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर माझ्यावर ओरडली, "गप घे! मोठा आला नको बोलणारा!" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा ओरडली होती. मी गप घेतलं.

त्यानंतर मी महिन्यातून एक रविवार त्यांच्याकडे जेवायला जातो. पाहुणा कमावता धरत नाहीत, असं मामाने नियमात स्पष्ट केलं आहे. मामी पानावरून उठू देत नाही. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आणि वर "खा रे, तुझ्या संघटनेचं नाय, माझं हाय." महिनाअखेरीला पापड भाजलेलाच असतो आणि तो कसा खमंग झालाय हे ती प्रत्येकाकडून वदवून घेते.

मागच्या खेपेला मामा मला स्टँडवर सोडायला आला. एरवी तो रस्ताभर मला चढ्या आवाजात बचत शिकवतो. त्या दिवशी गप्प होता. डोळखांबची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर म्हणाला, "हिची पासष्ट भरतात. मग अंगणवाडी बंद, मानधन बंद."

"मग नियमाप्रमाणे तुझी पेन्शन," मी म्हटलं. "वहिनी साखर वाटेल."

"ती वाटंल रे. हिचं काय?" त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बोलणार नाय काय. पानावर बसंल, अर्धी भाकरी खाईल आन उठंल. त्या महिन्यात बसायची ना, तशी. एक महिना बघितलं मी ते. जन्मभर नाय बघवायचं."

मी गाडी येण्याच्या दिशेला बघितलं.

"तू शिकलेला हायस, दुनियेच्या मागण्या लिवतोस," तो म्हणाला. "यातून काय वाट निघते का, सांग ना."

तालुक्यातल्या प्रत्येक पैसेवाल्याला न विचारता सल्ला देणारा माझा मामा मला सल्ला विचारत होता आणि माझ्याकडे तो नव्हता. एवढ्यात गाडी लागली. मी खिडकीशी बसलो. गाडी वळेपर्यंत तो तिथेच उभा होता, उत्तराची वाट बघत असल्यासारखा. सरळगाव आलं, किन्हवली गेली, डोळखांबला उतरलो, तरी मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मामीच्या मानधनाचे आता सात महिने उरले आहेत.