पेनड्राइव्हला हळदीकुंकू

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे ते साठत जातात. नको म्हणायची सोय नसते, आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं! डबे निदान माळ्यावर टाकता येतात. किस्से नाही टाकता येत, म्हणून लिहून काढते आहे. तोंडी सांगायला गेलं की आमच्या घरात मध्येच कोणीतरी "अगं, तसं नव्हतं ते" म्हणतं आणि माझा किस्सा दुसऱ्याचाच होऊन जातो.

तर मी सांगलीची. पाच महिन्यांपूर्वी लग्न होऊन बनारसला आले, ब्रह्मा घाटाजवळच्या घरात. घरात आम्ही चौघं. सासरे अण्णा, संस्कृतचे निवृत्त शिक्षक, लोकांच्या पत्रिका बघतात. सासूबाईंना मी आई म्हणते. नवरा श्रीरंग रेल्वेत. आणि मी.

पुण्याच्या एका कंपनीने मला घरबसल्या काम देऊ केलं. मराठी रेकॉर्डिंग ऐकायचं आणि त्यावरून लिहिलेला मजकूर तपासायचा. मला हे काम हवं होतं. फार हवं होतं. अट एकच. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या एका फुकट सिस्टीमवर चालतं, तेव्हा सोमवारी सकाळी अकराच्या मीटिंगला ज्याचं लिनक्स चालू नसेल त्याचं नाव यादीतून कट. घरात होता श्रीरंगचा जुना लॅपटॉप. त्यात विंडोज, आणि विंडोजमध्ये अण्णांच्या सगळ्या यजमानांच्या पत्रिका. त्यांना धक्का न लावता शेजारी लिनक्स बसवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच!

आई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर तू परेशान नको होऊस, इथल्या शाळेत बाईंची जागा आहे, मी बोलून ठेवते."

म्हणजे न होण्याची तयारी आधीच झाली होती.

•

शुक्रवारी सकाळी बसले. पत्रिकांची नक्कल काढून ठेवली, पेनड्राइव्हवर लिनक्स घेतलं, आता त्यावरून लॅपटॉप सुरू करणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "साडेदहा ते बारा राहुकाळ आहे. बारानंतर एन्टर दाब."

थांबले. नवी सून, काय बोलणार!

बारा वाजले. पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉप त्याच्याकडे ढुंकून बघेना. सेटिंग बदललं, दुसरीकडे लावला, लॅपटॉप कितीदा तरी बंद करून परत चालू केला. तीन तास गेले. मागून येणारा-जाणारा बघत होता. श्रीरंग ड्यूटीवरून आल्या आल्या म्हणाला, "तुला नक्की येतं ना गं?"

शेवटी पेनड्राइव्ह डोळ्यांजवळ धरला. त्याच्या तोंडात लालभडक काहीतरी ठासून भरलेलं!

"आई, हे काय?"

"अगं, राहुकाळात मी त्याला देवापुढे ठेवला होता. नवी वस्तू ना. हळदीकुंकू वाहिलं."

"आतमध्ये?"

"मग! बाहेर सगळं प्लास्टिकच आहे. लोखंड आतच होतं ना!"

जुन्या टूथब्रशने कुंकू झाडलं. पेनड्राइव्ह लगेच दिसला. आई श्रीरंगला म्हणाल्या, "बघ, पूजा केली म्हणून चाललं."

•

पुढची पायरी म्हणजे डिस्कचे भाग पाडणं. त्याला इंग्रजीत पार्टिशन म्हणतात, यात माझी काही चूक नाही!

पुण्याची माझी मैत्रीण ऋतुजा यातली जाणकार. नेटवर्क मिळावं म्हणून गच्चीवर गेले आणि तिला फोन लावला. घरात मी हळू बोलते, पण गच्चीवर वारा होता, माकडं होती, आवाज चढवावा लागला.

"नाही गं, अण्णांच्या वाट्याला हात लावायचा नाहीये. त्यांचं त्यांना राहू दे. पण पार्टिशन केल्याशिवाय गत्यंतरच नाही. मला माझं वेगळं पाहिजे. निम्मं नको, तिसरा हिस्सा पुरे मला!"

आता आमच्या घराची गोष्ट अशी की, अण्णांच्या वडिलांच्या वेळी ते दोन भावांत वाटलं गेलं. मधे लाकडी फळ्यांची भिंत घातली. त्या भिंतीला आजही घरात 'पार्टिशन' म्हणतात. भिंतीपलीकडे चुलत सासूबाई राहतात, काकू. त्या वेळी त्या त्यांच्या गच्चीत मिरच्या वाळवत होत्या.

मी जिना उतरून खाली येईपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. अण्णा पोथी उघडून बसले होते आणि पान उलटत नव्हते. आई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आमचं काय कमी पडलं गं तुला?" श्रीरंगने मला बाजूला घेतलं.

"तू वाटणी मागितलीस?"

"कशाची?"

"घराची!"

पाच महिन्यांत मी या घरात भात थोडा मऊ हवा होता असंसुद्धा मोठ्याने म्हटलेलं नाही. आणि माझं पहिलं ऐकू गेलेलं वाक्य कुठलं, तर वाटणी!

मी लॅपटॉप आणून अण्णांपुढे ठेवला. पडद्यावर डिस्कचं चित्र होतं, एक आडवी पट्टी, दोन रंगांची.

"हा निळा कोणाचा?" अण्णा.

"तुमचा. पत्रिकांचा."

"आणि हिरवा तुझा? एवढासाच?"

"मला पुरतो."

अण्णांचा चेहरा उजळला. "बघ," ते आईंना म्हणाले, "तिसरा हिस्सासुद्धा घेतला नाही पोरीने!"

फळ्यांपलीकडून काकूंचा आवाज आला, "आणि आमचा कुठला रंग?"

•

शनिवारी सकाळी इन्स्टॉल सुरू झालं. या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, तारेवरच चालतो. बरं, पडद्याला थोडा वेळ हात लावला नाही की तो काळा होतो. आत काम चालूच असतं.

मी शेवटचं बघितलं तेव्हा ब्याण्णव टक्के झालं होतं. पाच मिनिटांसाठी कपडे वाळत घालायला गेले. खाली मिक्सरचा आवाज आला. आमच्या स्वयंपाकघरातला पॉइंट बिघडलाय, मिक्सर बाहेरच्या खोलीत लावतात. बाहेरच्या खोलीत पॉइंट एकच आहे!

धावत आले. लॅपटॉपची पिन जमिनीवर.

"बंदच तर होता," आई म्हणाल्या. "काळा झाला होता. मी म्हटलं, हिचं झालं असेल काम."

"आई, ब्याण्णव टक्के झालं होतं!"

"मग आठच राहिलं ना? ते कर आता."

पहिल्यापासून करावं लागलं. आठ टक्के वेगळे करता येत नाहीत, हे मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं नाही.

चटणी छान झाली होती, खोटं कशाला बोलू!

•

दुसऱ्यांदा इन्स्टॉल चालू असताना मी पॉइंटजवळच खुर्ची टाकून राखणीला बसले. शेजारचे बँकवाले काका आले. त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं कळतं, हा आमच्या गल्लीला शाप आहे.

"फुकट आहे म्हणे? फुकट म्हणजे चोरीचं हं. आणि ओपन सोर्स, म्हणजे उघडंच की! कोणीही आत बघू शकतो."

आई दचकल्या. "अगंबाई! म्हणजे यजमानांच्या पत्रिका सगळ्या जगाला दिसणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर काका हात वर करून मला म्हणाले, "तू राहू दे बेटा, मी सांगतो." माझ्याच खुर्चीशेजारी उभं राहून, माझ्याच लॅपटॉपबद्दल!

तेव्हा अण्णा बोलले. "वेद तरी कोणी विकत घेतले? एकाने म्हटले, दुसऱ्याने ऐकून पाठ केले. बनवलंय कसं ते सगळ्यांना माहीत, म्हणून चूक झाली की लगेच पकडली जाते. तसंच ना गं?"

इतकं सोपं मला ऋतुजानेही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "अगदी तसंच, अण्णा. फक्त याचे प्रकार खूप आहेत. शेकड्यांनी."

"शाखा म्हण," अण्णा म्हणाले. "आपली कुठली?"

काका चहा न घेता गेले. जाता जाता लॅपटॉपकडे बघून एवढंच म्हणाले, "जरा रिफ्रेश मारत राहा."

•

लिनक्स बसलं. सुंदर दिसत होतं. पण वाय-फाय नाही! वाय-फायचा ड्राइव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नेटवरून घ्यायचा होता आणि नेट वाय-फायशिवाय नव्हतं. किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी श्रीरंग म्हणाला, "दुकानात दाखवू." मला कल्पना होती काय होणार, पण गेले.

दुकानदाराने लॅपटॉप बघितला, मग श्रीरंगला बघितलं. मी तिथे नव्हतेच.

मी म्हटलं, "वाय-फाय की चिप का ड्राइवर नहीं मिल रहा।"

तो श्रीरंगला म्हणाला, "भइया, भाभीजी से पूछिए चिप कौन-सी है।"

श्रीरंग माझ्याकडे वळला. "चिप कोणती आहे?"

मी चिपचं नाव आणि नंबर सांगितला. श्रीरंगने तो हिंदीत सांगितला. नंबर हिंदीतही तोच असतो!

"पहले चल रहा था न?"

"आधी चालत होतं ना?" श्रीरंग मला म्हणाला.

"त्यांना सांग, मला हिंदी येतं," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "भाभीजी ने कुछ दबा दिया होगा। ई सब हटाइए, हम दोबारा विंडोज डाल देते हैं। बाकी भइया, आप तो काफी जानकार आदमी हैं, चिप का नंबर तक याद है!"

आणि श्रीरंग, माझा नवरा, लाजून म्हणाला, "अरे नहीं, बस ऐसे ही।"

मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्या मी श्रीरंगच्या पुढे चार पायऱ्या राहूनच उतरले. घरी येऊन मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडला. मोबाइलचं नेट तारेतून आत आलं, ड्राइव्हर उतरला, वाय-फाय सुरू. सगळी मिळून चार मिनिटं लागली.

आई माझ्या नणंदेला फोनवर सांगत होत्या, "श्रीरंग दुकानात जाऊन आला आणि लगेच चालू झालं बघ!"

•

त्याच दुपारी अण्णांनी लॅपटॉपमधली त्यांची बाजू, म्हणजे विंडोज, उघडली. एका गृहस्थांची अंगठी हरवली होती. अशा वेळी अण्णा प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडतात. ती वेळ प्रोग्रॅम लॅपटॉपच्या घड्याळातून आपोआप घेतो. अण्णांनी बघून सांगितलं, "घरातच आहे. अग्नीजवळ शोधा." गृहस्थ गेले.

मग माझं लक्ष गेलं. घड्याळात साडेदहा वाजले होते. खरे वाजले होते चार! लिनक्स आणि विंडोज दोघं एकाच घड्याळाकडून वेळ घेतात, पण ती लिहिण्याची रीत वेगळी. लिनक्स आपलं लंडनकडची वेळ लिहून ठेवतं, विंडोजला तीच इथली वाटते. फरक बरोबर साडेपाच तासांचा.

अण्णांच्या शब्दावर लोक लग्नं ठरवतात! जवळ जाऊन हळूच सांगितलं. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, लॅपटॉपचं बघितलं.

"म्हणजे मी सकाळी साडेदहाची कुंडली मांडली?"

"हो अण्णा. चूक माझी आहे. आत्ता दुरुस्त करते."

तेवढ्यात फोन वाजला. अंगठी सापडली. गॅसच्या शेगडीखाली!

अण्णांनी फोन ठेवला.

"दुरुस्त कर," ते म्हणाले. "पण सावकाश. अजून दोघं यायचे आहेत."

•

सोमवार. अकराला दोन मिनिटं कमी असताना मी मीटिंगमध्ये हजर होते. कॅमेरा चालू, आवाज चालू, कंपनीचं सॉफ्टवेअर चालू.

पुण्याच्या मॅडमनी हजेरी घेतली. आम्ही नऊ जणी. आठ जणी मोबाइलवरून आल्या होत्या. कोणाचं लिनक्स बसलंच नव्हतं, कोणाचं बसून अडकलं होतं.

"मृदुला, तुमचं एकटीचं चालतंय," मॅडम म्हणाल्या. "एका मशीनसाठी बॅच सुरू नाही करता येणार मला. पुढे ढकलली, तर परत कधी होईल सांगू शकत नाही. तुमचं इन्स्टॉल कोणी केलं?"

मी तोंड उघडलं.

"आमच्या श्रीरंगनं!" आई शिऱ्याची बशी घेऊन कॅमेऱ्यात शिरत म्हणाल्या. "माझा मुलगा. रेल्वेत आहे."

"अरे वा! मग त्यांनाच बसवा ना जरा. बाकीच्यांना फोनवर सांगून त्यांनी आज चालू करून दिलं, तर आजच सुरुवात करू."

श्रीरंग ड्यूटीला निघाला होता, एका पायात बूट. आईंनी त्याला दंडाला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. मी उठले. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

पहिली मुलगी बोलायला लागली. आवाज रडवेला. "सर, माझ्याकडे नुसता काळा पडदा आलाय. वर इंग्रजीत 'रेस्क्यू' लिहिलंय आणि एक रेघ लुकलुकतेय. काय करू सर?"

श्रीरंगने पडद्याकडे बघितलं. आईंकडे बघितलं.

"सांग ना रे," आई म्हणाल्या.

"सर? ऐकू येतंय का, सर?"

श्रीरंग माइककडे वाकला आणि रेल्वेच्या तिकीटखिडकीवर बोलतो तशा अदबीने म्हणाला, "हो ताई, येतंय. एक मिनिट थांबा हं. सरांना देतो."

आणि उठून त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले. आई बशी हातात घेऊन दरवाज्याकडे बघत होत्या, कोण सर आलेत म्हणून.