वाळक्या हनुमंताची कंबर

बिस्नाथ हरिलालला आयुष्यात शाबासकी फार थोड्या वेळा मिळाली, आणि त्यातली बरीचशी वजनकाट्यावर उभं असताना मिळाली.

दर सप्टेंबरात बेटावरच्या त्या गावातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांनी दवाखान्यात हजेरी लावायची, असा नियम होता. तिथे भिंतीवर उंची-वजनाचा मोठा तक्ता होता. खाली पिवळा पट्टा, मधे हिरवा, वर लाल. नर्स ऑलिव्ह एक बोट उंचीवर ठेवी, दुसरं वजनावर, आणि दोन्ही बोटं जिथे भेटत तिथे माणसाचा निकाल लागे. बिस्नाथच्या वेळी ती नेहमी हिरव्यात भेटत.

"एकशे चाळीस पौंड!" ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणे. "असं असावं माणसानं. जा रे, पुढच्या वर्षी ये."

बिस्नाथ छाती काढून उतरे. त्याच्या मागे बहुतेक वेळा टांटी, म्हणजे गावाची मावशी, क्लोटील असे. ती काट्यावर चढली की काटा कण्हायचा, आणि ऑलिव्हची बोटं तक्त्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, लालात जाऊन टेकायची.

"टांटी, कमी खा."

"अगं, माझी हाडंच जड आहेत. ती काय काढून ठेवू तुझ्या टेबलावर?"

"बोट दे इकडे. साखर तपासायची."

लालवाल्यांची साखर तपासायची आणि हिरव्यांना घरी पाठवायचं, अशी तिथली पद्धत. पंधरा वर्षं क्लोटीलचं बोट टोचलं गेलं आणि पंधरा वर्षं त्यातून काही निघालं नाही. "या कागदाप्रमाणे मी केव्हाच मेले," ती बाहेर येऊन सांगायची, "पण शिवायचं पडलंय म्हणून थांबलेय."

शिवायचं खरंच पडलेलं असे. क्लोटील प्रेस्कॉड तेरा वर्षांची असताना एका शिंपिणीकडे काज-बटणं करायला राहिली, ती त्याच मशिनवर म्हातारी झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. फेब्रुवारीत ती कार्निव्हलच्या सोंगांचे पंख शिवायची आणि ऑक्टोबरात लंकेचे राक्षस. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, पण रामलीलेत कोणता राक्षस कोणत्या दिवशी मरतो हे तिला पंडितांच्या आधी आठवायचं, कारण मेलेल्याचा अंगरखा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला चढवायचा असे. मापं घेताना ती आकडे मोठ्यांदा ओरडायची आणि एका जाड वहीत लिहायची. गावातल्या कितीतरी माणसांची मापं, वर्षावर वर्ष, त्या वहीत होती.

बिस्नाथ तिचा लाडका. तो तेरा वर्षं हनुमान करत होता. अंगानं काटकुळा, उडी अशी मारायचा की मैदानाच्या कडेला बसलेल्या बाया पदर सावरून मागे सरायच्या. सगळं मैदान अनवाणी पळायचं, कारण रामलीला सुरू झाली की ती जमीन साधी राहत नाही; तिथे चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही. महिनाभर मासमच्छी बंद, रम बंद. बिस्नाथ हे सगळं मनापासून पाळायचा. घरोघरच्या पूजांना जायचा, पानावरचा मोहनभोग दोनदा घ्यायचा, आणि तालमीत तहान लागली की लाल गोड सोड्याची बाटली. उपासच तो. त्यात वाईट काय असणार?

बेटावरच्या तेलविहिरींचे पैसे ओसरायला लागले होते त्या वर्षीची ही गोष्ट. सप्टेंबरात तो काट्यावर चढला तेव्हा काटा एकशे सत्तावीसवर थांबला. ऑलिव्हची बोटं हिरव्याच्या खालच्या काठावर भेटली.

"तेरा पौंड उतरलास! उपास मानवला बघ तुला. सगळ्यांनी शिका याच्याकडून."

बिस्नाथला केवढं बरं वाटलं! घशाला सारखी कोरड पडायची ती उन्हानं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तो लघवीला जाई त्या मोरीशी मुंग्यांची रांग लागायची, त्यावर बायको दुलारी म्हणाली होती, "हनुमंताच्या दर्शनाला आल्यात." दोघंही हसली होती.

त्याच आठवड्यात तो क्लोटीलच्या ओसरीवर माप द्यायला उभा राहिला. तिनं टेप दंडाला गुंडाळला.

"साडेनऊ." ती थांबली. वही उघडली. "गेल्या वर्षी अकरा."

"उपास आहे ना, टांटी."

"मांडी अठरा. होती वीस." तिनं टेप कमरेला घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. "कंबर छत्तीस."

"मग?"

"गेल्या वर्षीही छत्तीस. अरे वाळक्या, सगळं अंग आटलं आणि पोट तेवढं जागचं हललं नाही? हा कसला उपास?"

"नर्सबाईंनी शाबासकी दिली मला. हिरव्यात आहे मी, हिरव्यात!"

"हिरव्यात सुकदेवही होता." तिनं पानं मागे उलटली. "हे बघ. दशरथ करायचा तेव्हा दंड बारा, मग अकरा, मग दहा. कंबर तेवढीच. दुसऱ्या वर्षी पाय कापला त्याचा. जयरामची आई, पोलकी माझ्याकडची. हिरवीच होती. आज डोळे गेलेत, तिला हात धरून न्यावं लागतं. मी मूर्ख! बाह्या आत घेत बसले, आणि वाटलं, म्हातारपण आहे."

बिस्नाथ काहीतरी थट्टेचं बोलणार होता. तेवढ्यात क्लोटील खाली वाकली ती वाकलेलीच राहिली.

"बिस्नाथ. तू टाचणीवर उभा आहेस."

"कुठे?"

तिनं त्याचा पाय उचलून दाखवला. टाचणी तळव्यात डोक्यापर्यंत रुतलेली होती. शेजारी करंगळीच्या मुळाशी एक काळपट जखम होती, ओलसर, कधीची कोण जाणे. बिस्नाथ त्या पायाकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. पळणाऱ्या माणसाचा पायच गेला, तर मागे उरतं काय?

"चल," क्लोटील म्हणाली. तिनं गळ्यातला टेपही काढला नाही.

दवाखान्यात नर्स ऑलिव्हनं जखम पुसली, पट्टी बांधली आणि मान हलवली. "साखर नाही तपासता येत, टांटी. त्या कागदी पट्ट्या मोजून येतात. लालवाल्यांसाठी."

"मग माझी वापर."

"म्हणजे?"

"तुझ्या तक्त्याप्रमाणे आजारी मी आहे ना? माझ्या वाटची पट्टी घे आणि रक्त याच्या बोटाचं काढ."

"असं कसं करता येईल?"

"ऑलिव्ह, तुझ्या लग्नाचा झगा मी शिवला. तक्ता बघून शिवला असता तर तू चर्चमध्ये गोणपाट नेसून गेली असतीस. हा कागद कुणाची मापं घेऊन केलाय, सांग बरं. तुझ्या आईची घेतली? याच्या बापाची घेतली?"

"मला काय माहीत? मी आले तेव्हापासून भिंतीवर आहे."

"म्हणून तर तुला दोष देत नाही. बोट टोच."

रांगेतलं कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "टोच गं, नाहीतर ही इथेच राहायला येईल." ऑलिव्हनं टोचलं. पट्टीचा रंग बदलत गेला. तिनं ती डबीवरच्या रंगांशी जुळवली. मग खिडकीशी नेऊन पुन्हा जुळवली. आणि आतून डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टर रामकिसून तरुण होत्या, मोठ्या हॉस्पिटलातून आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी पाय पाहिला आणि विचारलं, "इतके दिवस हे कुणालाच कसं कळलं नाही?"

"हिरव्यात होता," ऑलिव्ह हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात या, बघा. आपल्याकडची भारतीय माणसं हातापायांनी काडीसारखी असतात, आणि चरबी सगळी पोटात दडलेली. तक्त्याला ती दिसत नाही. तो केला कुठे, कुणाला मोजून, देव जाणे."

क्लोटीलनं कमरेवर हात ठेवले. "आणि मी?"

"तुमची चण मुळातच भारी. तक्ता तुम्हालाही नीट ओळखत नाही."

"ऐकलंस ऑलिव्ह? पंधरा वर्षं!"

"बसा जरा," डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "रक्तदाब मात्र खरोखरच जास्त आहे हं. खारा मासा बंद."

"मी याला घेऊन आले होते," क्लोटील पडलेल्या आवाजात म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बिस्नाथ हसला.

त्याची करंगळी गेली. पाय राहिला. आणखी पंधरा दिवस गेले असते तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, असं हॉस्पिटलात सांगितलं. त्या वर्षी लंका दुसऱ्यानं जाळली. बिस्नाथ खाटेवर पडून होता आणि दुलारी रोज डब्यात भाजी आणायची, एकच पोळी, मोजून. क्लोटील बसनं यायची, सिस्टरच्या नजरेसमोर त्याच्या कमरेला टेप लावायची आणि आकडा सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगायची. तक्ता सरकारी, तो काढता येईना. पण ऑलिव्हनं त्याच्या शेजारी खिळा ठोकून क्लोटीलचा एक जुना टेप टांगला. पोट दिसलं की हिरव्याचंही बोट टोचायचं, असं तिनं सुरू केलं. वर्ष सरेपर्यंत आणखी चौघं सापडली. चौघंही हातीपायी धड.

दुसऱ्या वर्षी बिस्नाथ रामलीलेच्या मंडळात गेला तो निरोप घ्यायला. डॉक्टरांची सक्त ताकीद होती, अनवाणी पाऊल टाकायचं नाही. आणि मैदानात जोडे चालत नाहीत. "तेरा वर्षं झाली," तो म्हणाला. "पुष्कळ झालं." नियम पंडित दुखरन यांनाही मोडवेना.

क्लोटीलला हे कळलं तेव्हा तिनं बिस्नाथला शिव्या दिल्या, मग त्याचे कॅनव्हासचे बूट मागून घेतले. आठ दिवसांनी तिनं ते परत दिले. आता ते बूट नव्हते. तपकिरी मखमलीचे, लोकर लावलेले, लांब बोटांचे वानराचे पाय होते ते. आत मऊ अस्तर, कुठेही शिवण टोचू नये असं. आणि एका पायाला, जिथे हवी तिथे, करंगळीही होती.

पहिल्या दिवशी मैदानाच्या दाराशी पंडित दुखरन उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. मागे सुग्रीवाची सगळी सेना श्वास धरून उभी.

"हे जोडे आहेत का, क्लोटील?"

"मी चांभार आहे का, पंडितजी?"

पंडितांनी मिशीवरून हात फिरवला. "पाय आहेत," ते म्हणाले. "हनुमंताचे. जा, बाळा."

मैदानात रामलीलेच्या माणसांना लोक नमस्कार करतात; त्या दिवसांत ती माणसं नसतातच. बाया-पोरं हनुमंताच्या पायाशी वाकू लागली. बिस्नाथ त्यांच्यातून वाट काढत कडेच्या बाकापाशी आला, जिथे क्लोटील सुई-दोरा घेऊन बसली होती, आणि शेपूट, गदा, मुकुटासकट तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. डोकं तिच्या पायावर टेकवलं. ढोलकवाला वाजवायचा थांबला.

"ऊठ रे, ऊठ," क्लोटील त्याच्या पाठीवर थापटत म्हणाली, आणि तिनं त्याच्या अंगरख्याची शिवण चाचपली. "मागून उसवेल."

तो उठला, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आखलेल्या समुद्राच्या दिशेनं पळत सुटला.