टक्केबाई आणि सुट्टीचं ऊन

छतावरच्या सौरसंचांची परीक्षा घेणं हे टक्केबाईंचं एकवीस वर्षांचं काम. पडलेल्या उन्हातून जेवढी वीज मिळायला हवी, त्यातली किती टक्के खरोखर मिळाली, हे त्या मोजून सांगतात. नाव त्यावरूनच पडलं. घरी नवराही सोडत नाही.

"आज मी किती टक्के?"

"काल होतास तेवढाच. धूळ झटकलीस तर वाढशील."

यंदा तपासायला घेतलेल्या एका शाळेचा आकडा पंचाहत्तर हवा होता, चौसष्टावर अडकला होता. पॅनेल स्वच्छ, जोडण्या घट्ट. नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं, संच भर दुपारी बंद पडतो, तोही फक्त सुट्टीच्या दिवशी. सुट्टीत किल्ल्या एकट्या चौकीदाराकडे. बाईंनी कच्च्या अहवालात लिहिलं, 'हाताने बंद केल्याची शक्यता.' तेवढ्यावर मुख्याध्यापकांनी त्याला महिनाअखेर घरी बसवायचं ठरवलं.

चौकीदाराने बाईंना फाटकातच गाठलं. "बाई, त्या यंत्राला मी शिवतसुद्धा नाही. घरी बायको मिक्सरला हात लावू देत नाही मला!"

बाई हसल्या खऱ्या, पण स्वतःचं वाक्य त्यांना टोचलं. शक्यता लिहिली होती. पाहिलं काहीच नव्हतं.

पुढच्या सुट्टीला त्या व्होल्टमीटर घेऊन, पॅनेलची वीज तारेत सोडणाऱ्या यंत्रासमोर, इन्व्हर्टरसमोर बसल्या. चौकीदाराला शेजारी बसवलं.

"हात दिसतील असे ठेवा."

"बांधूनच ठेवा की!"

शाळेत ना पंखा चालू, ना दिवा. छतावरची सगळी वीज लांबच लांब तारेतून बाहेर निघाली होती. त्या रेट्याने तारेतला विजेचा दाब चढत गेला: दोनशे एक्केचाळीस, सत्तेचाळीस. बारा वाजून सात मिनिटांनी दोनशे त्रेपन्न ओलांडले आणि टक्! तांबडा दिवा लागला. दाब त्यापुढे गेला की यंत्राने स्वतःच बाहेरच्या तारेपासून तुटायचं, असा नियमच आहे. पाच मिनिटांनी ते जोडलं गेलं. पुन्हा टक्.

"सापडला चोर!" चौकीदार ओरडला.

"चोर कसला, नियमाने वागतोय बिचारा."

बाईंनी तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला. "अहवाल बदलतेय. चूक माझी होती."

"मग चौकीदाराला कामावर ठेवायचं म्हणता?"

"ठेवायचंच. आणि वीज कंपनीला ट्रान्सफॉर्मरचा दाब एक पायरी उतरवायला सांगायचं."

दाब उतरला. नंतरच्या सुट्टीला संध्याकाळी चौकीदाराचा फोन आला. "बाई, दिवसभरात एकदाही टक् नाही. करमलंच नाही बघा."