मच्छिंद्रचं विसरणं

पडदा वर जातो, तेव्हा मुरुम गावात आमच्या गल्लीत संध्याकाळ झालेली आहे. उजवीकडं ओटा. ओट्यावर चांगुणा ज्वारी निवडत बसलीय. आतून तिचा नवरा मच्छिंद्र येतो, अंगात उलटा सदरा. बायकोपुढं हात जोडून विचारतो, "बाई, आमची चांगुणा कुठं दिसली का?"

"गेली पळून दुसऱ्यासंगं! तुमच्या तोंडाला कटाळली."

गल्ली हसून लोटपोट. का हसू नये? मच्छिंद्र आमच्या कलापथकाचा सोंगाड्या. दिवसा शाळेत शिपाई, रात्री रंगमंचाचा राजा! विसरभोळा नोकर हे त्याचं गाजलेलं सोंग. मालकाचं नाव विसरायचा, मग स्वतःचं. माकणीपासून जळकोटपर्यंत माणसं पोट धरून हसायची. एखादा नट संवाद चुकला, तर हा असा सावरून घ्यायचा की टाळी त्या नटालाच पडायची.

म्हातारपणी तो खरोखरच विसरू लागला, आणि कुणाला कळलंच नाही. दुकानात पुन्हा पुन्हा साखर मागायचा. दुकानदार म्हणायचा, "बास की मामा, नाटक!" लोक हसले की तोही हसायचा.

त्याची लेक श्रावस्ती पुण्याच्या प्रयोगशाळेत याच विसरण्याच्या आजारावर काम करते. मेंदूतलं एक प्रथिन बिघडतं, त्याच्या गुठळ्या पेशींभोवती साचत जातात आणि माणूस आतून पुसला जातो. त्या गुठळ्या ती रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. सुट्टीत घरी आली, तेव्हा बापानं विचारलं, "पाव्हणी कुठली म्हणायची?"

"विलायतेची हो, मामा!" ती म्हणाली. दोघंही खळखळून हसले.

पुढच्या खेपेला तिनं त्याला परसात बघितलं. एकटाच भिंत चाचपत होता, स्वतःच्या घराचं दार शोधत होता. समोर कुणीही नव्हतं. प्रेक्षक नसताना सोंगाड्या कशाला सोंग करील?

तिनं त्याला पुण्याला नेलं. मणक्यातलं पाणी तपासलं. डॉक्टर म्हणाले, गुठळ्या कमी करणारं औषध आता निघालंय, पण ते आजाराच्या सुरुवातीलाच द्यावं लागतं. त्यानं आजार जरा सावकाश वाढतो. यांची ती वेळ गेली.

घरी आल्यावर श्रावस्ती ओट्यावर कोसळली. "आई, मी हसले गं! रोज हेच बघते, आणि बाप समोर उभा होता तर हसले."

मच्छिंद्र उठला, लेकीजवळ बसला, बाहीनं तिचे डोळे पुसले. पुढं काही दिवसांनी त्याची वाचा गेली, ती गेलीच. त्या दिवशी मात्र तो अगदी हळुवारपणे बोलला,

"रडू नगा, बाई. कुणाची लेक तुमी? तुमच्या बापाला सांगावा धाडू का?"